घसरगुंडीची मीटिंग



गेल्या अंकात आम्ही कुंडीतल्या तुळशीबद्दल लिहिलं, त्यावर बरेच फोन आले. इथल्या थंडीत तुळस जगवण्याचे अकरा उपाय आमच्याकडे जमा झाले आहेत. अकरावा उपाय चालू असतानाच आमची तुळस गेली, पण ते असो. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की या सदरातले ‘आम्ही’ म्हणजे खरोखरच आम्ही दोघं. जेवणाच्या टेबलावर एक जण लिहितो, दुसरी खोडते. त्यामुळे चुकांची जबाबदारी निम्मी-निम्मी.

या वेळचा विषय घराबाहेरचा आहे. म्हणजे अगदी दोन गल्ल्या बाहेरचा.

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात, घरापासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर टाउनशिपचं एक छोटं पार्क आहे. त्यात मुलांना खेळायला एक लाकडी किल्ला आहे. बुरूज, पूल, बोगदा, टायरचे झोके, लाकडी घोडा. मे महिन्यात एका संध्याकाळी फिरायला गेलो तर कुंपणावर पिवळा कागद डकवलेला. ‘या प्लेग्राउंडच्या नूतनीकरणाबद्दल नागरिकांची मतं ऐकण्यासाठी सभा, मंगळवार, संध्याकाळी सात.’ खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की सध्याचं बांधकाम काढून टाकण्यात येईल.

काढून टाकण्यात येईल! आम्ही दोघंही तिथेच थबकलो. कारण मंडळी, हा किल्ला आम्ही बांधलाय.

म्हणजे आम्ही एकट्यांनी नाही, अख्ख्या गावानं. १९९३ सालची गोष्ट. त्या काळात अमेरिकेत गावोगावी अशा किल्ल्यांची लाट होती. इथाका, न्यूयॉर्क इथले रॉबर्ट लेदर्स नावाचे आर्किटेक्ट शाळेत जाऊन मुलांनाच विचारायचे, तुम्हाला काय काय हवं? मग आराखडा काढायचा, गावानं पैसे, लाकूड आणि हत्यारं जमवायची आणि चार-पाच दिवसांत शेकडो लोकांनी मिळून सगळं उभं करायचं. आमचा किल्ला त्याच धर्तीचा. आम्ही या गावात येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. शेजाऱ्यांशी ओळख ‘हाय’ आणि ‘नाइस डे’च्या पुढे गेलेली नव्हती. त्या शनिवारी आमच्यातल्या एकाच्या हातात ड्रिल दिलं गेलं आणि दुसरीच्या हातात सँडपेपर. दुपारी आम्ही बटाटेवड्यांचा ट्रे नेला. एका आडदांड सुतारानं आठ वडे खाल्ले आणि विचारलं, “यात नक्की काय आहे?” त्या दिवसापासून गावात आम्हाला लोक नावानं ओळखू लागले.

आणि कुंपण! निधी जमवायला कुंपणाच्या फळ्या विकल्या होत्या. पैसे भरले की त्या फळीवर तुमचं नाव कोरून मिळायचं. आमच्या दोन्ही मुलांची नावं एका फळीवर आहेत. आडनावात कोरणाऱ्यानं एक अक्षर जास्त घातलंय, पण आमचं आडनाव इथं कुणी बरोबर लिहिलंय म्हणून त्याला दोष द्यायचा?

तेव्हा पहिल्या मीटिंगला आम्ही गेलो ते भांडायलाच. भाषण लिहून नेलं होतं. त्यात ‘वारसा’ हा शब्द तीनदा होता.

टाउनहॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. टाउनशिपनं नेमलेल्या लँडस्केप आर्किटेक्ट बाई मोठमोठे बोर्ड मांडून उभ्या होत्या. आम्ही तावातावानं भाषण केलं. प्रत्येकाला तीन मिनिटं असतात, घड्याळ समोर. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि मग काही फोटो दाखवले. किल्ल्याच्या मुख्य खांबात जमिनीलगत स्क्रूड्रायव्हर खुपसला होता, तो मुठीपर्यंत आत गेला होता. लोण्यात सुरी जावी तसा. वरून रंगवलेला खांब आतून कुजून गेलेला.

दुसरी गोष्ट लाकडाची. त्या काळी बाहेरच्या बांधकामाचं लाकूड टिकावं म्हणून त्यात क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असलेलं रसायन जिरवायचे. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं, मुलांच्या हाताला लागतं आणि मुलांचे हात कुठे जातात ते सांगायला नको. २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापरासाठी आणि मुलांच्या खेळण्यांसाठी असं लाकूड बनवणं उत्पादकांनी थांबवलं. आमच्या गावानं किल्ल्याला अधूनमधून सीलरचा हात मारून वर्षं ढकलली. आता ते पुरे, असं बाईंचं म्हणणं.

आम्ही आमचं भाषण घडी घालून खिशात ठेवलं. वारसा खरा, पण सोमल काही वारशात द्यायची वस्तू नव्हे.

मग उरलेल्या वेळात आम्ही नुसतं ऐकलं, आणि खरं सांगायचं तर बरंच शिकलो. इतकी वर्षं मुलांना पार्कात नेलं, पण त्यामागे एवढा हिशेब असतो हे ठाऊक नव्हतं. प्लेग्राउंडवर मुलांना सगळ्यात जास्त इजा होते ती पडल्यामुळे. म्हणून खेळण्यापेक्षा महत्त्वाची त्याच्याखालची जमीन. गवत किंवा माती चालत नाही, कारण पायांखाली तुडवून ती दगडासारखी होते. लाकडाचा भुसा-चिप्स टाकायचे तर १२ इंच टाकायचे, म्हणजे दबून ९ इंच राहतात. एवढा थर साधारण १० फुटांवरून पडलेल्या मुलाला सांभाळतो. खेळण्याच्या चारी बाजूंना सहा फूट मोकळी जागा. झोक्याचं गणित वेगळं. झोका ज्या दांडीला टांगला तिची उंची आठ फूट असेल, तर पुढे सोळा आणि मागे सोळा फूट मोकळं. एका चौकटीत दोनच झोके, तिसरा नाही. कठड्यातली फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी आणि नऊ इंचांपेक्षा लहान नसावी, कारण अशा फटीतून मुलाचं अंग पायांकडून निसटतं आणि डोकं अडकतं. आमच्या किल्ल्याच्या कठड्यातली फट आम्ही दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजली. पाच इंच! ती फळी कदाचित आम्हीच ठोकली असेल.

मीटिंगमध्ये आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली. उन्हाळ्यात कोणत्याही संध्याकाळी आमच्या पार्कात गेलात तर निम्मी मंडळी आपलीच. मराठी, गुजराती, तेलुगू. बाकांवर भारतातून आलेले आजी-आजोबा. आणि मीटिंगला? चाळीसात आपले असे आम्ही दोघं. गणपतीच्या कार्यक्रमाला आपण जेवणाच्या रांगेत तास-तास उभे राहतो, पण टाउनहॉलची पायरी चढायची म्हटली की ‘तिथे आपलं काय काम?’

काम आहे, मंडळी. या देशात मुलांची क्रीडांगणं सुरूच झाली ती आपल्यासारख्यांच्या मुलांसाठी. डॉ. मारी झाकशेव्हस्का या स्वतः युरोपातून येऊन बॉस्टनमध्ये डॉक्टर म्हणून नावाला आलेल्या बाई. त्यांनी बर्लिनच्या बागांत मुलांसाठी घातलेले वाळूचे ढीग पाहिले आणि ते बॉस्टनला कळवलं. १८८५ मध्ये बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात, जिथे बाहेरून आलेली गरीब कुटुंबं दाटीनं राहत होती, तिथे एक वाळूचा ढीग टाकला गेला. अमेरिकेतल्या प्लेग्राउंडचा तो श्रीगणेशा. पुढे १९०३ मध्ये न्यूयॉर्क शहरानं स्वतःच्या खर्चानं पहिलं कायमचं प्लेग्राउंड केलं ते सीवर्ड पार्कमध्ये, लोअर ईस्ट साइडला. तीही स्थलांतरितांचीच वस्ती. तेव्हा बोटीतून उतरलेल्यांची मुलं होती, आता विमानातून उतरलेल्यांची नातवंडं आहेत, एवढाच फरक.

आता आजींबद्दल सांगायला हवं.

आमच्या गल्लीत सांगलीच्या एक आजी दरवर्षी मे महिन्यात लेकीकडे येतात आणि ऑक्टोबरात परततात. वयानं आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठ्या, पण सगळ्या गल्लीच्या त्या आजी, म्हणून आमच्याही. त्यांचा नातू सात वर्षांचा आहे. चालता येत नाही, चाकाच्या खुर्चीत असतो. पायात बळ नाही आणि हातांतही फारसं नाही. तोंड मात्र अखंड चालू. आई-वडील कामावरून यायला सात वाजतात, म्हणून रोज पाच वाजता आजी त्याला पार्कात नेतात. गाडी चालवता येत नसल्यावर अमेरिकेत पायी जाण्यासारखी दुसरी जागा कोणती?

चिप्सच्या थरात खुर्चीची चाकं रुततात. त्यामुळे आजी त्याला काँक्रीटच्या कडेशी उभं करतात आणि स्वतः त्या कडेवर बसतात. बाक आहे, पण तो पार्किंगच्या बाजूला, उन्हात, आणि त्याला पाठ नाही. तिथून नातू दिसत नाही.

आम्ही एका संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून मीटिंगची हकीकत सांगत होतो. समोर मुलांची शर्यत चालू होती आणि नातू खुर्चीतून मोठ्यानं ‘रेडी, सेट, गो!’ ओरडत होता. आमच्यातली एक कौतुकानं म्हणाली, “बघा आजी, किती रमलाय. पोरांनी अंपायर केलंय त्याला.”

आजी हसल्या. म्हणाल्या, “अंपायर कुणाला करतात ठाऊक आहे ना ताई? ज्याला खेळायला घेता येत नाही त्याला.”

यावर आम्हाला काही बोलता आलं नाही. किल्ला बांधताना आम्ही चार दिवस होतो. बुरूज किती उंच असावा यावर वाद घातला, वड्यांबरोबर चटणी कोणती यावरही घातला. पण या खुर्चीतल्या मुलानं वर कसं जायचं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० सालीच झाला होता, म्हणजे माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. त्याच किल्ल्यासाठी आम्ही परवा टाउनहॉलमध्ये वारसा-वारसा करत होतो.

नव्या आराखड्याची प्रत आम्ही घरी आणली होती. टेबलावर पसरून पाहिली. आमच्यातला एक जन्मभर नकाशे वाचत आला, त्याला पटकन मेख दिसली. प्लेग्राउंडसाठीचे तपशीलवार नियम १५ मार्च २०१२ पासून बंधनकारक आहेत. त्यात असं आहे की उंचावरचे खेळ वीस किंवा जास्त असतील, तर त्यांतल्या निदान पाव भागापर्यंत रॅम्प हवा. वीसपेक्षा कमी असतील तर रॅम्पऐवजी एक ठेंगणा ओटा चालतो. मुलानं खुर्चीतून स्वतःला त्या ओट्यावर उचलायचं आणि पायरी-पायरीनं सरकत वर जायचं. आमच्या आराखड्यात उंचावरचे खेळ होते चौदा. म्हणजे ओटा पुरे. कायदा पूर्ण पाळलेला, आणि आजींचा नातू पुन्हा खालीच. त्याच्या हातांत स्वतःला उचलायचं बळ कुठे आहे?

दुसरी मीटिंग जुलैमध्ये होती. आम्ही आजींना म्हटलं, “तुम्हीच चला बोलायला.”

“मी? अहो, मी पाहुणी. शिवाय मला इंग्रजी कुठे येतं?”

आम्ही टाउनशिपच्या क्लार्कला फोन करून विचारलं. ते म्हणाले, नागरिकत्व लागत नाही, नाव आणि पत्ता सांगा आणि बोला. दुभाष्या चालेल का? चालेल, पण मिनिटं तीनच. म्हणजे आजींना दीड आणि आम्हाला दीड.

आजींनी तयारी केली. नातवाची शाळेची वही घेऊन चार मुद्दे लिहिले. त्या दिवशी इरकल नेसून, चष्मा पुसून माइकसमोर उभ्या राहिल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “नमस्कार. मी सहा महिने तुमच्या गावात असते आणि त्यांतली रोजची संध्याकाळ तुमच्या बागेत असते.” मग चार मागण्या. नातवाची खुर्ची जिथे रुतणार नाही अशी वाट. वर जायला चढ, पायऱ्या नव्हे. एक झोका असा की तो आणि दुसरं मूल शेजारी-शेजारी बसतील, वेगळा कोपऱ्यात नको. आणि झोक्याजवळ सावलीत, पाठ असलेला बाक, “कारण आजीला पाठ असते, आणि ती दुखते.” हे वाक्य आम्ही भाषांतरित केलं तेव्हा सभेत हशा पिकला. अध्यक्षबाईंनी स्वतःच्या पाठीवर हात ठेवून मान डोलावली. पाचवा मुद्दा आजींनी ऐनवेळी घुसडला, तो म्हणजे शौचालय. तीन मिनिटांची घंटा वाजली तेव्हा आम्ही त्याचंच भाषांतर करत होतो.

इथे गोष्ट गोड संपली असती तर बरं झालं असतं. पण मग पैशांचा विषय निघाला.

आर्किटेक्ट बाईंनी गणित मांडलं. चढ देताना एका फुटाच्या उंचीला निदान बारा फूट लांबी लागते. दर फुटाच्या चढानंतर सपाट टप्पा हवा. तीन फूट उंचीच्या मजल्यावर जायचं तर छत्तीस फूट रॅम्प आणि मधले टप्पे. एवढी जागा आणि एवढे पैसे काढायचे, तर आराखड्यातली सगळ्यात उंच बोगद्याची घसरगुंडी जाणार.

लगेच मागच्या रांगेतून हात वर झाला. तोही आपलाच, मराठी. आम्ही खूश झालो होतो की चला, आपली संख्या वाढली. ते गृहस्थ सभ्यपणे म्हणाले की त्यांची मुलं नऊ आणि अकरा वर्षांची आहेत, त्यांना या गावात खेळायला काहीच नाही, आणि एका मुलासाठी बाकी सगळ्यांची मोठी घसरगुंडी घालवणं कितपत योग्य आहे?

हॉल शांत झाला. आजींना इंग्रजी येत नाही असं आम्ही वर लिहिलं, पण एवढं त्यांना कळलं. त्या खाली बघत बसल्या.

आम्हाला राग आला, हे लपवत नाही. पण घरी आल्यावर विचार केला, तेव्हा त्यांचंही सगळंच चूक वाटेना. मोठ्या मुलांना थोडं धाडस लागतंच. ते पार्कात मिळालं नाही तर ती टीव्हीसमोर किंवा फोनमध्ये बसतात. पाच ते बारा वयाच्या मुलांचा विभाग दोन ते पाचच्या विभागापासून वेगळा ठेवतात तो यासाठीच. मात्र ‘एका मुलासाठी’ हे शब्द बरोबर नव्हते. रॅम्पवरून बाबागाडी जाते, गुडघे दुखणारे आजोबा जातात, काठी घेतलेली आई जाते, आणि धावणारी पोरं तर सगळ्यात आधी रॅम्पवरूनच धावतात. आमच्या गल्लीतलं एक मूल आम्हाला दिसतं, कारण त्याची आजी त्याला रोज तिथे कडेला नेऊन उभं करते. जी घरातच बसतात, ती दिसत नाहीत.

त्या गृहस्थांना आम्ही शनिवारी चहाला बोलावलं. आले, मुलांना घेऊन आले. आजींनाही बोलावलं होतं. भाषणबाजी कुणी केली नाही. कांदेपोहे झाले. मुलं नातवाबरोबर अंगणात कसलासा खेळ खेळत होती, त्यात तो अंपायर नव्हता. जाताना ते म्हणाले, “काकू, मोठी घसरगुंडीही हवी आणि रॅम्पही हवा असं काही करता येणार नाही का?” आजी म्हणाल्या, “तेच तर विचारतोय ना आपण त्यांना?” ऑगस्टच्या मीटिंगला त्यांनी नाव नोंदवलं आणि दोन्हीची मागणी केली. आमच्यापेक्षा चांगले बोलले.

सध्या आराखडा असा ठरला आहे. रॅम्प येणार, त्याच्या टोकाला रुंद, दोघांना जोडीनं बसता येईल अशी घसरगुंडी. वाटा आणि झोक्यांखालची जमीन ओतीव रबराची, बाकी ठिकाणी लाकडाच्या चिप्स. सगळीकडेच रबर का नाही, तर एक तर ते महाग, आणि दुसरं म्हणजे उन्हात ते चांगलंच तापतं. चिप्स खुर्चीसाठी चालतील अशा नीट दाबून बसवता येतात, पण पायांनी उडून खड्डे पडतात आणि सतत सारख्या कराव्या लागतात. जोडझोका येणार. पाठीचे तीन बाक येणार, झोक्यांकडे तोंड करून. शौचालयाला नकार मिळाला, कारण सांडपाण्याची लाइन तिथपर्यंत नाही. उन्हाळ्यात तात्पुरतं ठेवू म्हणाले. सावलीसाठी झाडं लावणार, पण झाडाची सावली पडेपर्यंत नातू कॉलेजात जाईल. कापडी छत आणि ती उंच घसरगुंडी या दोन गोष्टी टेंडरमध्ये ‘जादा पर्याय’ म्हणून घातल्या आहेत. कंत्राटदारांचे आकडे बजेटच्या आत आले तर त्या मिळतील, नाहीतर त्यांच्यासाठी गावाला वर्गणी काढावी लागेल. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही हा विषय ठेवला आहे. गणपतीत एक दानपेटी त्यासाठी ठेवावी असं आमचं म्हणणं. मुंबईत शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर किंवा पुण्यात पेशवे पार्कच्या फुलराणीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना जास्त समजावून सांगायला नको. ते कट्टे आणि त्या गाड्या कुणीतरी आपल्यासाठी केल्या होत्या.

आता वाचकांसाठी थोडं कामाचं. आपापल्या गावात असं काही निघालं तर काय करायचं?

आधी टाउनशिपच्या सभेची विषयपत्रिका बघायची सवय लावा. न्यू जर्सीत १९७५ च्या कायद्यानं अशा सभांची सूचना निदान ४८ तास आधी द्यावी लागते आणि गावाच्या कारभारी मंडळाला नागरिकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. दुसरं, आराखडा पक्का व्हायच्या आधी बोला. टेंडर निघाल्यावर बोललेलं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका बघण्यासारखं. तिसरं, पैसे कुठून येणार ते विचारा. गावाच्या बजेटखेरीज राज्याचा ‘ग्रीन एकर्स’ निधी १९६१ पासून पार्कांना मदत करतो, त्यासाठी गावानं अर्ज करावा लागतो. चौथं, एकटे जाऊ नका. आणि आपले आई-वडील इथे आलेले असतील, तर त्यांना सोबत न्या. पार्कात सगळ्यात जास्त वेळ तेच असतात आणि त्यांना कुणीच काही विचारत नाही.

आजी-आजोबांना तीन गोष्टी मात्र जरूर सांगा. पहिली, नातवंडाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नका. प्रेमापोटी सगळेच करतात, पण मुलाचा बूट कडेला अडकला आणि आपलं वजन पुढे गेलं की त्या कोवळ्या पायाचं हाड मोडतं. लहान मुलाला एकट्यानं, बसक्या घसरगुंडीवरून येऊ द्या, आपण बाजूला उभे राहा. दुसरी, गळ्यातला स्कार्फ, ओढणी, टोपीची नाडी किंवा दोरा घालून मुलांना वर चढू देऊ नका. अडकला तर गळफास बसतो. तिसरी, घसरगुंडीवर बसवण्याआधी हात लावून बघा. लख्ख ऊन असलं की हवा फार गरम नसतानाही पोळते.

सप्टेंबरमध्ये टाउनशिपचं पत्र आलं. कुंपणाच्या फळ्या ज्यांना हव्या असतील त्यांनी फॉर्म भरून न्याव्यात. आम्ही आमची आणली. आडनावातल्या जादा अक्षरासकट ती सध्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभी आहे. धाकट्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “त्या पुलावरून पडून माझा हात मोडला होता, आठवतं?” आम्ही विसरलो होतो. तो विसरला नव्हता, पण पूल गेला याचं त्यालाही वाईट वाटलं.

आजी पुढच्या आठवड्यात सांगलीला निघाल्या आहेत. काल निरोप घ्यायला आल्या होत्या. नातू बरोबर होताच. खुर्ची दारात वळवता वळवता त्यांनी विचारलं, “मे महिन्यात मी येईन तोवर झालेलं असेल ना हो?”

आम्ही दोघंही एकदम “हो” म्हणालो.

खरं म्हणजे पैशांचा ठराव अजून मंजूर व्हायचा आहे. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सात वाजता टाउनहॉलमध्ये त्यावर मतदान आहे. आमच्या गावातल्या आणि शेजारच्या गावांतल्या मराठी मंडळींना आग्रहाचं निमंत्रण आहे. बोलायची लाज वाटत असेल तर नुसते येऊन बसा, खुर्च्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत. कार्यक्रमानंतर आमच्याकडे बटाटेवडे आहेत.

आणि हो, थंडीत तुळस जगवण्याचा बारावा उपाय कुणाकडे असेल तर तोही घेऊन या.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचे,
आम्ही दोघं